औषध डॉक्टरांचे, वही रुग्णाची
रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची घरच्या घरी निगराणी

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या विषयावर डॉक्टरांनी बोलावे, असा संकेत आहे. मी डॉक्टर नाही. मी कला शाखेचा पदवीधर असून शासनाच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. तरीही आजचा विषय मी आग्रहाने मागून घेतला, याचे कारण माझ्या घरातच आहे. ते प्रथम सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व आक्का म्हणतो, बालाघाटाच्या डोंगरपट्टीतील एका लहान गावी राहते. लहानपणी तिला वारंवार घसा सुजून ताप येई, मग सांधे दुखत. त्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप निकामी केली. पुढे शहरातील एका रुग्णालयात ती झडप काढून तिच्या जागी धातूची कृत्रिम झडप बसविण्यात आली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी जाताना तिला एक कागद देण्यात आला. रक्त गोठू न देणारी गोळी रोज घ्यावी आणि दरमहा रक्त तपासून घ्यावे, असे त्यावर इंग्रजीत लिहिले होते. तो कागद घडी करून ट्रंकेत ठेवला गेला.

तपासणीची सोय तालुक्याच्या गावी. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडे आणि त्या दिवसाची मजुरी बुडे. पहिले काही महिने आक्का गेली, पुढे जाईनाशी झाली. पुढे एकदा तिची दाढ दुखू लागली. दाढ काढण्यापूर्वी ‘ती रक्ताची गोळी बंद करा’ असे कोणीतरी सांगितले. पुन्हा केव्हा सुरू करावी, हे मात्र सांगितले नाही. नऊ दिवस गोळी बंद राहिली. धातूच्या झडपेचा टिकटिक असा बारीक आवाज येतो; रात्रीच्या शांततेत तो तिला स्वतःला ऐकू येत असे. दहाव्या दिवशी पहाटे तिला धाप लागली, आणि तिच्याच शब्दांत सांगायचे तर ‘घड्याळ दबल्यासारखे’ झाले. झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती. वेळेवर गाडी मिळाली, गुठळी विरघळविणारे औषध मिळाले, म्हणून ती वाचली.

मित्रहो, त्या सुमारास मी पाणलोट, लसीकरण व पीक विमा या विषयांवरील पत्रके गावोगाव वाटत होतो. परंतु माझ्या बहिणीच्या ट्रंकेतला तो एक कागद मी कधी वाचला नव्हता. ही कबुली दिल्याखेरीज आपणांस काही सांगण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

गोठ्यातून आलेले औषध

या औषधाचा जन्म शेतकऱ्याच्या गोठ्यात झाला, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात गुरांना एक विचित्र रोग जडू लागला. शिंगे कापली किंवा खच्चीकरण केले, की रक्त थांबतच नसे. सडलेले, बुरशी लागलेले ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचे गवत खाल्ल्याने हे घडते, असे पशुवैद्यांच्या ध्यानात आले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून विद्यापीठात गेला. त्याने बरोबर एक मेलेली कालवड, ते सडके गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त नेले होते. तेथे कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षे खपून १९३९ मध्ये त्या गवतातील रक्त गोठू न देणारे द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातील ‘वॉरफरिन’ हे द्रव्य १९४८ मध्ये प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी ते विष घेतले. परंतु जीवनसत्त्व ‘के’ दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. या औषधाला उतारा आहे, याविषयी त्यामुळे विश्वास वाढला. १९५४ मध्ये माणसांच्या उपचारासाठी त्याला मान्यता मिळाली.

या इतिहासातून आपण घ्यायचा बोध एवढाच, की जे द्रव्य अधिक झाले तर प्राण घेते, तेच मोजून दिले तर प्राण राखते. औषध आणि विष यांमधील अंतर येथे फार थोडे आहे. म्हणूनच हे औषध मोजमापावाचून घेता येत नाही.

‘रक्त पातळ होणे’ म्हणजे काय?

आपण या गोळ्यांना ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतो. वास्तविक रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. आपले यकृत जीवनसत्त्व ‘के’च्या साहाय्याने रक्त गोठविणारे काही घटक तयार करते. वॉरफरिन किंवा त्याच जातीचे असिनोकुमारॉल हे औषध त्या कामात अडथळा आणते. त्यामुळे रक्त गोठण्यास अधिक वेळ लागतो व कृत्रिम झडपेवर, अनियमित धडधडणाऱ्या हृदयात किंवा पायाच्या शिरेत गुठळी धरत नाही.

किती वेळ लागतो, हे मोजण्यासाठी ‘आयएनआर’ नावाचा आकडा आहे. पूर्वी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळत नसत. ती अडचण दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये या आकड्याचा पुरस्कार केला. हे औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. हृदयाची लय बिघडलेल्या बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात; धातूच्या झडपेत, विशेषतः डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेत, तो याहून थोडा वर, साधारणतः २.५ ते ३.५ असा ठेवण्यास सांगतात. प्रत्येक रुग्णाची मर्यादा त्याच्या डॉक्टरांनी ठरवावयाची असते. आकडा खाली गेला तर गुठळीचे व पक्षाघाताचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे भय. नदीच्या पुलावरून चालताना दोन्ही कठड्यांवर लक्ष ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

आता अशी औषधे आली आहेत, की ज्यांना ही वारंवार तपासणी लागत नाही. मग जुन्याच गोळीचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. पुष्कळ रुग्णांना ती नवी औषधे उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु धातूच्या झडपेच्या रुग्णांवर त्यांपैकी एका औषधाचा प्रयोग झाला, तेव्हा गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्याने तो मध्येच थांबवावा लागला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. संधिवाताच्या तापाने हृदय बिघडून त्याची लय अनियमित झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही जुन्या जातीच्या औषधाने मृत्यू कमी झाल्याचे आढळले. आपल्याकडे हृदयाचे असे रुग्ण खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्यासाठी जुनी गोळी आणि तिची तपासणी अद्याप टळलेली नाही.

रुग्णाच्या हाती कारभार

परदेशात या प्रश्नावर एक मार्ग निघाला. जर्मनीत १९८६ पासून काही रुग्णांनी स्वतःचे रक्त स्वतः तपासून गोळीचे प्रमाण स्वतः ठरविण्यास प्रारंभ केला. पुढे हातात मावणारी यंत्रे निघाली. मधुमेही रुग्ण साखर तपासतात त्याप्रमाणे बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर ठेवावा, की मिनिटभरात आकडा दिसतो. जर्मनीत लाखाहून अधिक रुग्णांनी ही पद्धत स्वीकारली. परंतु तेथे आधी शिकवणीचा वर्ग पूर्ण करावा लागतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनेही २०१४ मध्ये योग्य रुग्णांसाठी अशा घरगुती तपासणीची शिफारस केली.

याचे फळ काय मिळाले? २०१६ मध्ये २८ चाचण्या व ८,९५० रुग्ण यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. घरी तपासणी करणाऱ्यांमध्ये गुठळीचे प्रसंग सुमारे दोन-पंचमांशाने कमी आढळले. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण वाढले नाही, तसेच घटलेही नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत २,९२२ माजी सैनिकांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर आठवड्याची घरची तपासणी आणि उत्तम दवाखान्यातील दरमहाची तपासणी यांत पक्षाघात, मोठा रक्तस्राव व मृत्यू यांबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. जेथे चांगला दवाखाना हाताशी आहे, तेथे यंत्रामुळे फारसे बिघडत नाही व फारसे सुधारतही नाही. परंतु जेथे दवाखाना दिवसाच्या अंतरावर आहे, तेथे रुग्णाला शहाणे करण्यावाचून दुसरा उपाय नाही, असे मला वाटते.

येथे दोन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. घरी तपासणी करून आकडा डॉक्टरांना कळविणे व त्यांनी सांगितलेले प्रमाण घेणे, ही पहिली पायरी. आकडा पाहून, डॉक्टरांनी आधी लिहून दिलेल्या तक्त्याच्या मर्यादेत, प्रमाण स्वतः बदलणे, ही दुसरी पायरी. पहिलीवर पाय रोवल्यावाचून दुसरी चढू नये. आणि ज्याला स्वतः झेपत नाही, त्याच्या घरातील एकाने हे काम शिकून घेतले तरी चालते.

वहीचा नियम

आक्काकडे यंत्र नाही. यंत्र व त्याच्या पट्ट्या यांचा खर्च आमच्या भागातील सामान्य कुटुंबाला जड आहे. तिला वाचविले ते दोनशे पानी वहीने. त्या आजारपणात रुग्णालयातील एका परिचारिकाबाईंनी तिला समोर बसवून वहीचे रकाने आखून दिले. तारीख, गोळीचे मिलिग्रॅम, घेतल्याची खूण, तपासणीचा आकडा, पुढील तपासणीची तारीख आणि ‘विशेष’. या ‘विशेष’ रकान्यात ताप, जुलाब, उपास, नवे औषध, मुकामार, हिरड्यांतून रक्त, असे जे काही घडेल ते लिहावयाचे.

हिशेब आठवड्याचा ठेवावयाचा असतो. रोज ५ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला ३५. डॉक्टर फरक करतात तो बहुधा या आठवड्याच्या बेरजेत थोडासा करतात. एका दिवसाची गोळी दुप्पट करून किंवा अर्धी करून काम भागत नाही. फरकाचा परिणाम दिसण्यासही दोन-तीन दिवस लागतात, म्हणून उतावीळपणा घातक ठरतो. गोळी रोज ठरावीक वेळी, शक्यतो संध्याकाळी घ्यावी. राहिली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन्ही मिळून घेऊ नये. एक, दोन व पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या वेगळ्या असतात. ‘ती गुलाबी गोळी’ असे न सांगता नाव व मिलिग्रॅम सांगण्याची सवय ठेवावी. कारण कंपनी बदलली की रंगही बदलतो.

आहाराविषयी फार गैरसमज आहेत. पालक, मेथी, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असल्याने ‘पालेभाजी पूर्ण बंद’ असे अनेकांना सांगितले जाते. बंद करण्याचे कारण नाही. प्रमाण सारखे राहिले पाहिजे. आपल्याकडे श्रावणात पालेभाजी वर्ज्य करणारी घरे आहेत, आणि थंडीत तीच घरे दोन्ही वेळा मेथी खातात. श्रावणात आकडा वर जाण्याचा व थंडीत खाली येण्याचा संभव असतो. मोठे उपास, ताप, जुलाब, अन्न न जाणे यांनीही आकडा वर जातो. मद्य तर टाळावेच. अशा प्रसंगी तपासणी लवकर करून घ्यावी, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

औषधांचेही तसेच आहे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी या रुग्णाला रक्तस्रावाकडे नेऊ शकते. जुलाबावर सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल आकडा वाढविते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन याच्या उलट आकडा खाली आणते. म्हणून क्षयाचा उपचार सुरू होताना व संपल्यानंतरही रक्त तपासणे अवश्य आहे. झाडपाल्याचे औषधही डॉक्टरांना सांगितल्यावाचून घेऊ नये. स्नायूत इंजेक्शन घेण्यापूर्वी, दात काढण्यापूर्वी व कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ‘मी ही गोळी घेतो’ हे रुग्णाने आपण होऊन सांगावे. गोळी थांबवावयाची की नाही, आणि थांबविली तर कोणत्या तारखेस पुन्हा सुरू करावयाची, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. आक्काच्या बाबतीत चुकले ते नेमके हेच.

तरुण स्त्रियांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगतो. गर्भारपणाच्या आरंभीच्या काळात हे औषध गर्भाला अपाय करू शकते. पण भीतीने एकाएकी बंद केले, तर झडपेवर गुठळी होऊन आईच्या जिवावर बेतते. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार करण्यापूर्वीच, किंवा पाळी चुकताच, तातडीने हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. घरातील वडीलधाऱ्यांनी याविषयी संकोच बाळगू नये.

घरी थांबू नये अशी लक्षणे पाठ असावीत. डांबरासारखा काळा शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, अकस्मात तीव्र डोकेदुखी, एका बाजूची शक्ती जाणे, वाचा अडखळणे, धाप लागणे आणि झडपेचा आवाज दबणे. यांपैकी काहीही झाले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व वही बरोबर घ्यावी.

आपण काय करू शकतो?

हृदयाच्या झडपांवरील शस्त्रक्रियांचा समावेश महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. भारतीय बनावटीची झडपही आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली चित्रा झडप १९९० च्या डिसेंबरात प्रथम रुग्णास बसविण्यात आली. शस्त्रक्रियेपर्यंतचा रस्ता असा बराचसा बांधला गेला आहे. शस्त्रक्रियेनंतरची वीस-तीस वर्षे मात्र रुग्ण आपल्या घरी, आपल्या गावात काढतो. तो रस्ता आपण बांधावयाचा आहे.

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी, की आपल्या गावात असे रुग्ण किती, याची आशाताईंकडे विचारणा करावी. बहुधा ते एक-दोनच असतील. त्यांची नावे फलकावर लावू नयेत. पण त्यांची तपासणीची तारीख कोणाच्या तरी ध्यानात असावी. चार-पाच गावांचे रुग्ण एकाच दिवशी तालुक्याला गेले, तर एक गाडी सर्वांना पुरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचे छोटे यंत्र ठेवता येईल काय, याचा विचार आरोग्य अधिकाऱ्यांनी करावा. मात्र घरगुती यंत्र गावभर फिरवू नये. अनेकांची तपासणी करावयाची तर ती प्रशिक्षित हातांनी, प्रत्येकास नवी सुई वापरून व यंत्र निर्जंतुक करूनच झाली पाहिजे; शिवाय यंत्राचा आकडा अधूनमधून प्रयोगशाळेतील आकड्याशी ताडून पाहावा. आकडा अवाच्या सवा आला, तर केवळ यंत्रावर विसंबू नये.

शिक्षकांचे काम दुहेरी आहे. वारंवार घसा सुजणारे, ताप येऊन सांधे दुखणारे मूल दिसले, तर त्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास दाखवावे. वेळीच उपचार झाल्यास हृदय वाचते आणि या गोळीची वेळच येत नाही. दुसरे असे, की ज्या घरात आजी-आजोबा निरक्षर आहेत, तेथे पाचवी-सहावीतील नातवंड ही वही उत्तम लिहू शकते. आक्काची वही पुष्कळ दिवस तिची नात लिहीत असे. पुढे आक्का स्वतः आकडे गिरवू लागली.

अधिकारी बंधूंना आणि स्वतःला मी एकच सांगतो. रुग्णाच्या हाती जाणारा कागद मराठीत असावा, आणि तो देताना एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. यासाठी नवीन तरतुदीची आवश्यकता नाही.

‘औषधाचा निर्णय अडाणी रुग्णावर सोपविणे धोक्याचे नाही काय?’ असा आक्षेप मी ऐकला आहे. धोका आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु महिन्यातील एक दिवस तो रुग्ण डॉक्टरांसमोर असतो आणि उरलेले एकोणतीस दिवस निर्णय त्याचे तोच घेत असतो. मेथी खावी की नाही, गोळी विसरली तर काय करावे, दुखणे सोसावे की दुकानातून गोळी आणावी, हे सर्व निर्णयच आहेत. ते अज्ञानाने घ्यावेत की माहितीने, एवढाच प्रश्न आहे.

गेल्या महिन्यात गावी गेलो, तेव्हा आक्काने तिसरी वही दाखविली. आकडा २.९ होता. ‘विशेष’ या रकान्यात तिने लिहिले होते : ‘ताप आला. दोन दिवस जेवण नाही. तपासणी लवकर केली.’ हे तिला कोणी सांगितले नव्हते; तिचे तिनेच ठरविले होते.

 गावी परतल्यावर अशा एका तरी घरी जाऊन त्या ट्रंकेतला कागद वाचून दाखवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!